परत नाही आलं, म्हणजे पोचलं

परवा मुलीच्या मोबाईलवर मधोमध एक पांढरी चौकट आली. तिच्यात दोन ओळी इंग्रजी आणि खाली एक बटण. मुलीने दाबायला बोट नेलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब वं! आधी वाचजो, मंग दाबजो."

ती हसायला लागली. "आई, तुले का समजते त्यातलं?"

मला त्यातलं काही समजत नाही, हे खरं आहे. माझी शाळा चौथीतच सुटली. पण ते वाक्य माझं नव्हतंच, ते शकुनताईंचं होतं. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी त्या दिवशी भांडी घासताना, भाताचं पाणी पसवताना त्या डोळ्यांपुढून हलेनात. म्हणून हे लिहून ठेवते आहे. कोणाला दाखवायचं नाही.

शकुनताई मेश्राम यांचं दुकान गोंदियात रेल्वे फाटकाच्या अलीकडे, आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. लहानपणी पोलिओ झाल्याने त्यांचा डावा पाय वाळलेला होता. गुडघ्यावर हात दाबून त्या चालायच्या. अपंगांच्या कोट्यातून त्यांना एसटीडीचा फोन मिळाला, त्यावर त्यांनी धाकट्या भावाला शिकवलं. आईबाप दोघेही लवकर गेले होते. भाऊ, विनोद, नागपुरात इंजिनिअर झाला आणि त्यानेच फोनच्या खोलीत कॉम्प्युटर आणून बसवले. बाहेर पाटी लावली, इंटरनेट. ताईंसाठी त्याने एक चाकाची खुर्ची आणली. तिच्यावर बसून, एका हाताने टेबल ढकलत, त्या या मशीनवरून त्या मशीनवर सरकत जायच्या. म्हणायच्या, "साऱ्या गोंदियात बसल्या बसल्या चालणारी मी एकटीच."

मी त्यांच्याकडे झाडायला आणि पाणी भरायला जात असे. उरलेला वेळ उंबऱ्यावर बसून सुपात विड्या वळत असे. आत बसू द्यायच्या नाहीत. "तंबाखूची धूळ मशीनच्या नाकात जाते, सुमन. तिले शिंका आल्या तं तू पुसशील का?" मला उंबराच बरा वाटायचा. तिथून सगळं दिसायचं, आणि माझ्याकडे कोणी पाहायचं नाही.

कोणी गिऱ्हाईक "ताई, बंद पडलं" म्हणून ओरडलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "का लिहून आलं?"

"इंग्रजीत आलं होतं काहीतरी. मी ओके दाबून टाकलं."

की त्या संतापल्याच. "घरी पाहुणा आला, का सांगाले आला ते न ऐकताच दार लावलं का तुमी? तो सांगून राहिला होता न, कुठं दुखते ते! आता मी कोणाले विचारू?" आणि मग ते वाक्य, "आधी वाचजो, मंग दाबजो."

स्वतः त्या ती चौकट मोठ्याने वाचायच्या, ओळीखाली बोट फिरवत, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. बारावी त्यांनी बाहेरून केली होती, इंग्रजी अडखळत वाचायच्या. पण वाचून झालं की ते आपल्या बोलीत सांगायच्या. पान उघडत नसलं तर, "पान आहे जी, पण रस्ता तुटला आहे." पत्ताच चुकला असला तर, "असं गावच नाही म्हणते." परीक्षेच्या निकालाच्या दिवशी सगळीकडून एकच चौकट यायची, तेव्हा, "साऱ्या जिल्ह्याचे लोक एका दारात उभे राहाल तं दार कसं उघडल? जाऊन चहा पिऊन या." एकदा लाईट येऊन जाऊन एका मशीनचं घड्याळ फार मागे गेलं. ते मशीन कोणतंही पान उघडायला गेलं की 'हे खरं नाही, भरोसा ठेवू नका' अशी चौकट दाखवायचं. पोरं वायरी उपसत बसली होती. ताईंनी कोपऱ्यातलं घड्याळ नीट केलं आणि सगळं सुरू झालं. "घड्याळ मागं राहिलं की मशीन कोणावरच भरोसा नाही ठेवत," त्या म्हणाल्या. "माणसाचंबी तसंच."

एका राईस मिलचे मुनीमजी रोज सकाळी मेल पाहायला येत. धोतर, काळी टोपी, कपाळाला गंध. एकदा त्यांच्यापुढे मोठी चौकट आली. त्या काळी ती फार यायची, या प्रोग्रामने बेकायदा काम केलं आहे, आता तो बंद करण्यात येईल, अशी. मुनीमजींना इंग्रजी कमी, पण 'इल्लीगल' हा शब्द कचेरीच्या कागदांवर पाहून पाठ होता. ते ताडकन उठले. "दीदी, हमने कुछ नहीं किया! माँ कसम, हमने सिर्फ़ रेट देखा!" आणि अनवाणीच फाटकाकडे पळाले.

ताई खुर्ची ढकलत दारापर्यंत गेल्या. "अरे मुनीमजी, चप्पल तो ले जाइए! पुलिस नहीं आती. मशीनच चुकली, अना स्वतःलेच चोर म्हणून राहिली!" फाटकाजवळचे रिक्षावाले पोट धरून हसत होते. दुसऱ्या दिवशी मुनीमजी आले तेव्हा ताईंनी त्यांच्या चपला मशीनशेजारी नीट जोडून ठेवल्या होत्या. "जमानत झाली तुमची," म्हणाल्या.

पण मला जास्त आठवतात ते कटरेकाका. आमगावकडचे शेतकरी. पोरगा आखातात कामाला गेला होता. कोणीतरी त्यांना मेलचा पत्ता कागदावर लिहून दिला होता आणि शेजारचा कोणी त्यांच्यासाठी टाईप करायचा. दरवेळी मेल परत यायचा. एक दिवस काका मशीनपुढे टोपी हातात घेऊन नुसते बसून राहिले.

"का झालं जी काका?" ताईंनी विचारलं.

"परत पाठवलं पोरानं. तिसऱ्यांदा. घेतच नाही."

रजिस्टर पत्र घरचा माणूस घेत नाही, पोस्टमन त्यावर 'नाकारले' लिहून परत आणतो, तसंच हे, असं त्यांना वाटत होतं. आपला पोरगा तिकडे बसून बापाचं पत्र नाकारतो आहे, असं धरून ते कित्येक दिवस जगत होते.

ताई सरकत त्यांच्याजवळ गेल्या. परत आलेला मेल मोठ्याने वाचला. मग कागद पाहिला, मग पडदा. "काका, पोरानं नाही परत पाठवलं. त्याच्या हातात गेलंच नाही. हा पोस्टमन आहे, हा म्हणते, असा पत्ता मले सापडत नाही. हे पाहा, नाव अना आडनाव यांच्यात तुमी जागा सोडली. पत्त्यात जागा सोडत नाहीत. सगळं जोडून लिहा लागते." त्यांनी जागा मिटवली, मेल पाठवला. दोघं वाट पाहत बसले. काही परत आलं नाही.

"आता?" काका म्हणाले.

"आता पोचलं. परत आलं म्हणजे पत्ता चुकला, माणूस नाही चुकला. परत नाही आलं, म्हणजे पोचलं."

दोन दिवसांनी पोराचं उत्तर आलं तेव्हा काकांनी दुकानातल्या सगळ्यांना शेतातल्या लाखोरीच्या, लाखेच्या डाळीच्या, हिरव्या शेंगा वाटल्या. मलाही उंबऱ्यावर मूठभर दिल्या.

हे सगळं पाहून कोणाला वाटलं असतं, या बाईला कुठलीच चौकट अडवत नाही. पण त्यांचं स्वतःचं एक दुखणं होतं, आणि त्याची चौकट कधी येत नव्हती.

विनोद पुण्याला नोकरीला लागला होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा. ताईंनी त्याच्यासाठी अर्जुनीकडची एक मुलगी पाहून ठेवली होती, शब्द देऊन झाला होता. एका रविवारी त्याचा फोन आला आणि त्याने सांगितलं, त्याचं लग्न झालं आहे. ऑफिसातल्या मुलीशी, कचेरीत सह्या करून. ताईंना आधी काही बोलला नव्हता, भीत होता. दुकानात माणसं होती. ताई फोनच्या काचेच्या डब्याबाहेर खुर्चीवर, तार ओढून बोलत होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "मी असूनबी मले नाही सांगितलं, तं मी असली का नसली का, सारखंच. मंग आता फोन नको करू."

आणि त्याने केला नाही.

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचा गेला. ताई फोनकडे पाहायच्या आणि मशीनकडे वळायच्या. एकदा मीच धीर करून म्हटलं, "तुमीच करा न जी." त्यांनी केलाही. तो खोली सोडून गेला होता. तेव्हा त्या मला म्हणाल्या, "सुमन, तो लहानपणापासून माझं ऐकणारा. पाण्यात नको जाऊ म्हटलं तं काठावर बसून राहाचा. आता फोन नको करू म्हटलं. ऐकलंच त्यानं."

विनोदचा एक वर्गमित्र नागपुरात होता. ताईंनी त्याच्याकडून विनोदचा मेलचा पत्ता मागवला. त्याने पाठवला. त्या दिवशी ताईंनी केस विंचरून नवा अंबाडा घातला, मशीनपुढे बसल्या, आणि एक एक अक्षर शोधत मेल लिहिला. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. पाठवला. परत आला नाही.

परत नाही आला, म्हणजे पोचला. उत्तर आलं नाही.

त्यांनी दुसरा लिहिला. तोही पोचला. सणाला लिहायच्या, त्याच्या वाढदिवसाला लिहायच्या, कधी नुसतं, पाऊस झाला, भात बरा आहे, जेवून घेत जा. एकही परत आला नाही. कटरेकाकांना जे वाक्य त्यांनी औषधासारखं दिलं होतं, तेच त्यांना विषासारखं झालं. "तो वाचून राहिला," म्हणायच्या. "वाचते अना मिटवते. एरर तं येऊ दे बाप्पा एकदा. एरर आली तं माणूस काही करू तं शकते."

त्यांच्या दुकानात दोन लाइनी होत्या, एक इंटरनेटची आणि एक जुनी फोनची. तेव्हा नेट फोनच्या तारेतूनच यायचं, आणि नेट लावलं की त्या लाइनवर फोन लागत नसे. एका निकालाच्या दिवशी नेटची लाइन मेली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं, पोरांचे बाप. सगळे म्हणाले, जुन्या लाइनवर लावा.

"नाही लागत," ताई म्हणाल्या.

"लगता है दीदी, हमको मालूम है. तार ही तो बदलना है!"

"ती लाइन मोकळी राहते."

"कोणाचा फोन येऊन राहिला तिच्यावर? दिवसभर तं वाजत नाही!" एक बाप ओरडला. "एका पायावर एवढी मिजास!"

मी सूप बाजूला ठेवून उंबऱ्यावरून उठले. "पलीकडच्या चौकात दुसरं दुकान आहे, तिकडं जा जी," ताई म्हणाल्या. दुकान रिकामं झालं. त्या नंबरवर विनोद फोन करील तर त्याला तो गुंतलेला लागता कामा नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. विनोदला पाठ असलेला तोच एक नंबर होता.

असं बरंच चाललं. मग एका दुपारी एक तरणा माणूस आला. काळासावळा, उंच, रेल्वेच्या निळ्या शर्टात. दारातच उभा राहिला.

"शकुन मेश्राम तुमीच का?"

"हो. का लिहून आलं?" सवयीने ताई म्हणाल्या.

"काही नाही आलं. म्हणजे… लय आलं." त्याने ओठ ओले केले. "माझं नाव विनोद मेश्राम."

ताईंचा हात माऊसवर तसाच राहिला. त्यांनी चष्मा वर सरकवून त्याला नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "आमच्या भागात दगड भिरकावला तं एखाद्या विनोद मेश्रामलेच लागते. बस."

तो बसला नाही. "ताई, तुमी ज्याले लिहिता तो मी नाही. मी चंद्रपूरकडचा. पण तुमचं लिहिलेलं सारं माझ्याकडं येते. आता बदली होऊन गोंदियाले आलो, तं तोंड दाखवल्याशिवाय राहवेना."

"किती वाचलं?" ताईंनी विचारलं.

"सारं."

"मंग एक ओळ नाही लिहिता आली? बाई, मी तो नाही, एवढी एक?"

त्याने मान खाली घातली. "पहिल्याच वेळी लिहिणार होतो. पण तुमी लिहिलं होतं, उपाशी झोपत नको जाऊ. मी तेव्हा एकटाच राहत होतो, माय नव्हती. म्हटलं उद्या सांगू. मंग दुसरं आलं. मंग सांगाची लाज वाटाले लागली."

मला वाटलं, ताई आता त्याला चपलेने मारतील. पण त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तोवर पाहिलं नव्हतं. "म्हणजे त्याले भेटलंच नाही," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून मोठ्याने, "सुमन! ऐकलं का वं? त्याले भेटलंच नाही! तो मुका नव्हता!"

मग त्यांनी वर्गमित्राचा जुना मेल काढला. विनोदचा पत्ता निळ्या अक्षरांत होता, खाली रेघ ओढलेला. पत्ता कुठेही लिहिला की मशीन त्याला निळं करून खाली रेघ ओढतं. ताईंनी तो उचलून कोऱ्या पानावर ठेवला, रंग काढला, खालची रेघ काढली, अक्षरं मोठी केली. सगळी रेघ गेली, पण नाव आणि आडनाव यांच्यामध्ये एक लहानशी रेघ तळाला उरली. ती पत्त्यातलीच होती. इतकी वर्षं ती निळ्या रेघेत बुडून गेली होती.

ताई त्या बारक्या रेघेकडे पाहत राहिल्या. "मले वाटलं, मधात जागा सुटली आहे," त्या म्हणाल्या. "अना पत्त्यात जागा सोडत नाहीत. म्हणून मीच जोडून टाकलं."

जोडून टाकल्यावर जो पत्ता झाला, तो या चंद्रपूरच्या विनोदचा होता.

त्यांनी लगेच लिहिलं. या वेळी फार नाही. मी रागात नाही, तू ये, बायकोला घेऊन ये, फोन कर. रेघ घातली, पुन्हा तपासली, आधी मोठ्याने वाचलं, मग दाबलं. रेल्वेवाला आणि मी, दोघं त्यांच्या मागे उभे होतो.

पाण्याचा घोट घेऊन होईस्तोवर मेल परत आला.

ताईंनी ओळीखाली बोट धरून वाचला, शेवटपर्यंत. कोणी काही विचारलं नाही, तरी नेहमीसारखं आपल्या बोलीत सांगितलं. "पत्ता बरोबर आहे म्हणते. इथं एक जण राहाचा. लय दिवस आला नाही, म्हणून घर मोडून टाकलं."

त्यानंतर त्यांनी पुष्कळ धडपड केली. वर्गमित्राकडे दुसरा पत्ता नव्हता. पुण्याच्या कंपनीतून सांगितलं, तो नोकरी सोडून गेला. कोणी म्हणे परदेशात आहे. देश कुठला, ते कोणी सांगितलं नाही. चंद्रपूरचा विनोद ड्यूटी संपली की दुकानात यायचा, ताई त्याला रागवून जेवायला बसवायच्या. "उपाशी झोपत नको जाऊ म्हणून लिहिलं होतं न? वाचलं होतं न? मंग जेव." पण विनोद म्हणून त्यांनी त्याला कधी हाक मारली नाही. तो रेल्वेवालाच राहिला.

पुढे घरोघर मोबाईल आले. दुकानात कोणी येईना. एकेक मशीन गेलं, शेवटी एक उरलं. जुना फोन मात्र त्यांनी काढला नाही. मी रोज त्यावरची धूळ पुसायची, आणि त्या रोज रिसीव्हर उचलून कानाला लावायच्या, जिवंत आहे का पाहायला.

साखरेच्या आजाराने त्यांची मूत्रपिंडं गेली. नागपुरात त्यांनी प्राण सोडला. विहारात वंदना झाली तेव्हा पुढे भावाच्या जागी रेल्वेवाला उभा होता, पांढऱ्या शर्टात, हात जोडून. विनोदला कळवायचं होतं, पण कुठे कळवणार?

नागपूरला नेण्याच्या आधीची एक दुपार मला दिसते. मी पाणी घेऊन आत गेले. आता तंबाखूच्या धुळीला कोणी बोलत नव्हतं. शटर अर्धं खाली होतं. ताई चाकाच्या खुर्चीत, पाय सुजलेले, शेवटच्या मशीनपुढे. त्या अजून लिहीत असत, रेघ घालून, त्याच मोडलेल्या घराच्या पत्त्यावर. मी एकदा विचारलं होतं, काऊन लिहिता जी, तिथं तं कोणी नाही. तेव्हा म्हणाल्या होत्या, "पहिले जाचं अना गप्प राहाचं. आता निदान 'नाही' म्हणून उत्तर तं येते."

त्या दिवशीही मेल नुकताच परत आला होता. त्या वाचत होत्या.

"का म्हणते जी?" मी विचारलं.

"तेच म्हणते."

मी गिलास पुढे केला. त्यांनी डोळे हलवले नाहीत. "ठेव तिथं. पूर्ण वाचा लागते वं. एखाद्या वेळी खालच्या ओळीत काही वेगळं राहू शकते."

मी गिलास ठेवून दाराशी आले आणि वळून पाहिलं. त्यांचं बोट पडद्यावर हळूहळू सरकत होतं. शेवटची ओळ अजून वाचायची होती.